तळ ठाऊक असलेला माणूस

नेरळ स्टेशनावर उतरलेली बाहेरगावची माणसं बहुतेक माथेरानला जातात. मी त्या डोंगराकडे पाठ करून कळंबच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर पोशीर आहे. मुद्दाम जाऊन बघावं असं तिथं काही नाही. भाताची खाचरं, एक ओढा, एक शाळा आणि उगवतीला भीमाशंकरच्या रांगेची निळी भिंत. त्या शाळेत मी सहा वर्षं शिक्षक होतो. अडतीस वर्षांपूर्वी तिथं मी एक खोटं बोललो आणि गावानं मला हार घातला. ते खोटं मागे घ्यायला मी गेल्या मार्गशीर्षात तीन दिवसांसाठी तिकडे जाऊन आलो.

आधी ते खोटं सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास कळेल.

मी फलटणकडचा. आमच्या गावच्या ओढ्याला वर्षातून चार दिवस पाणी यायचं, तेही घोट्याएवढं. पोहायला शिकायचा प्रश्नच नव्हता. पोशीरला बदली झाली तेव्हा इतकं पाणी मी प्रथमच पाहिलं आणि सहा पावसाळे त्याला भीतच काढले. श्रावणातल्या एका दुपारी शाळा सुटल्यावर मी मुलांना ओढ्यावरच्या फरशीपाशी सोडायला गेलो होतो. फरशी म्हणजे ओढा ओलांडायचा बुटका सिमेंटचा रस्ता. पाऊस वाढला की पाणी तिच्यावरून वाहतं. तिसरीतली सुजाता तिच्यावरून घसरली आणि गढूळ पाण्यात गेली. मी काठावर उभा राहिलो. माझे पाय हलले नाहीत.

समोरून हसन पाववाला सायकल ढकलत येत होता. नेरळच्या बेकरीतून पाव, चहात बुडवायचे बटर, खारी पेटीत भरून तो रोज दुपारी पोशीरला यायचा. त्यानं सायकल तशीच टाकली, पाण्यात उतरला, पोरीला फ्रॉकला धरून वर ओढलं, खांद्याशी घेतलं आणि आणून माझ्या हातात दिलं. मग तो पेटीमागे धावला, कारण पेटी वाहून चालली होती. मी सुजाताला घेऊन गावाकडे पळालो. पावसानं सगळेच भिजले होते. लोकांनी पोरीला माझ्या हातात पाहिलं आणि म्हणाले, गुरुजींनी काढली. मला धाप लागली होती. मी काही बोललो नाही.

इथवर मी नुसता गप्प राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी हसन पोरीची चौकशी करायला आला. गावातले जबर माणूस हिराजीतात्या तेव्हा शाळेच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला विचारलं, "काल तू फरशीवर होतास ना रं? काय करत होतास?" हसननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तो पलीकडे सायकल धरून उभा होता."

जे मी केलं होतं ते मी त्याच्या नावावर लावलं, आणि त्यानं केलेलं स्वतःच्या. माझा तालुक्याला सत्कार झाला. त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी मला हवी होती ती बदलीही मिळाली आणि मी फलटणला परतलो. तेव्हापासून दर वर्षी नवं भात निघालं की सुजाताच्या घरून मला तांदळाची पिशवी येते. आधी तिचे वडील पाठवत, आता ती पाठवते. माझी बायको तो पहिला भात शिजवून ताटात वाढायची आणि म्हणायची, "घ्या, तुमच्या पुण्याचा." दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिलाही मी खरं सांगितलं नव्हतं. यंदा पिशवी येण्याआधीच मी निघालो.

पहिला दिवस : पोशीर

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या पाट्या लागल्या आहेत. ज्या खाचरात माझे विद्यार्थी चिखलात लोळायचे तिथं आता पोहण्याचा तलाव असल्याचं एक पाटी सांगत होती. पण पाट्यांच्या मागे शेतं आहेत. भात कापून झालं होतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि कापलेल्या खाचरांतल्या ओलीवर वाल उगवून आले होते. आमच्याकडे एक पीक निघालं की जमीन महिनोन् महिने उघडी पडते. इथली जमीन नुसत्या दवावर दुसरं पीक देते. कुणी पाणी देत नाही, कुणी मागत नाही. हे मला नोकरीत असतानाही नवलाचं वाटायचं.

सुजाताचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. ती अंगणवाडीत सेविका आहे. नवरा शेलूच्या नव्या इमारतींवर प्लंबिंगचं काम करतो, तो कामावर गेला होता. सेहेचाळीस वर्षांची बाई दारात येऊन उभी राहिली आणि मला बघून तिनं पदराला हात पुसले.

"गुरुजी, किती वाळलात."

"वय झालं गं."

"वय सगळ्यांचंच होतं. तुमी जेवत नाय. बसा."

तिनं चूल पेटवली. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. आमच्याकडे ज्वारीचं पीठ काठवटीत मळून कोरड्या पिठावर भाकरी थापतात. इथं तांदळाचं पीठ आधी उकळत्या पाण्यात उकडतात आणि मग ओल्या हातावर फिरवत भाकरी मोठी करतात. तव्यावर ती फुगते आणि वरचा पापुद्रा कागदासारखा सुटतो. बरोबर सुक्या बोंबलाचं कालवण आणि वालाचं बिरडं होतं. मी जेवत होतो, आणि समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्या खाली माझा फोटो होता. सत्काराचा, शाल पांघरलेला.

"हा इथं कशाला लावलास?" मी विचारलं.

"मंग कुटं लावू? हार नाय घालत आमी. पण जागा तुमची तीच."

खिशात मी चार पानं लिहून आणली होती. सगळं खरं, पहिल्यापासून. मी हात धुऊन ती बाहेर काढणार, तेवढ्यात ती चुलीपुढून म्हणाली, "गुरुजी, तुमाला एक इचारू? हसू नका."

"विचार."

"त्या दिवशीचं मला काय आठवत नाय. पडले ते नाय, पाणी नाय. फकत वास आठवतो. ताज्या पावाचा वास. माझं तोंड कशात तरी दाबलंय, उबदार, आणि पावाचा वास येतोय. आता ओढ्यात पावाचा वास कुठनं येणार? आई म्हणायची, देवाचा वास असल. आमच्यात देव मानत नाय, मी पण मानत नाय. पण त्या वासाला काय म्हणू? नेरळला बेकरीसमोरनं गेले की माझे पाय थांबतात. हात आपसूक जुळतात. नवरा म्हणतो, पाव घे नायतर चल पुढं."

ती हसली. मी हसलो नाही. अडतीस वर्षं ही बाई ज्याला हात जोडत होती त्याचं नाव, गाव, धंदा मला ठाऊक होता. मी आता खरं बोललो असतो तर मीच नव्हे, तिचा तो वाससुद्धा तिच्या हातून गेला असता असं मला वाटलं. मी ते निमित्त केलं. तिनं आणखी एक भाकरी वाढली, मी ती खाल्ली आणि काही न बोलता उठलो. जाताना तिनं नव्या तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. ती घेऊन मी चालत मुख्य रस्त्यावर आलो. इतका निगरगट्ट मी होतो.

संध्याकाळी नेरळच्या बाजारात त्या बेकरीत गेलो आणि हसनची चौकशी केली. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "हसनचाचा? ते कवाच गेले इथनं. खालापूरच्या बाजूला, कुंभिवलीला. हायवेला लेकीची टपरी हाय, नसीमची. कुणालाही इचारा."

म्हणजे तो जिवंत होता. मी वाटेत मनात त्याला कितीदा तरी मेलेला धरून चाललो होतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसरा दिवस : कुंभिवली

कर्जतवरून मी खालापूरकडे गेलो. कर्जत आणि खालापूर हे शेजारचे तालुके, पण हवा निराळी. पोशीरला पेंढ्याचा वास येतो. कुंभिवलीला डिझेलचा आणि कारखान्यांचा. हायवेला ट्रकांची रांग होती, टायरवाले, वजनकाटे, आणि मधे पत्र्याची एक टपरी. बाहेर बाकावर डोक्याला कानटोपी घातलेला एक म्हातारा बनपाव उभे कापून बाजूला रचत होता. पावाला सरावलेली त्याच्या सुरीची लय बघून मी ओळखलं.

"हसनभाई, मी पोशीरचा गुरुजी."

सुरी थांबली. त्यानं मान वर केली नाही. "कुठला बन देऊ?" त्यानं विचारलं.

"बन नको. मला बोलायचंय."

"मंग चहा घ्या. बोलणाराला चहा लागतो. नसीम, एक कमी साखर. मास्तर लोक कमी साखर पितात."

नसीम पन्नाशीची, हाताला उरक असलेली बाई. मी चार पानं काढली. खिसे चाचपले. चष्मा नव्हता. तो नेरळच्या लॉजवर उशाशी राहिला होता. पानांवरची माझीच अक्षरं मला मुंग्यांच्या रांगांसारखी दिसत होती. हसनभाईंना मोतीबिंदूमुळे अक्षरं दिसत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "नसीमला द्या. ती धावी शिकलीय."

असं माझं कबुलीपत्र हायवेवरच्या टपरीत, गिऱ्हाइकांच्या मधे, नसीमनं वाचलं. मी ते मोठ्या भाषेत लिहिलं होतं.

"'माझ्या हातून घडलेली ही कर्तव्य... कर्तव्यच्यु...' गुरुजी, लई अवघड लिवलंय. काय हाय हे? हां, दोन चहा, एक बनमस्का, बसा दादा. 'कर्तव्यच्युती माझ्या अंतःकरणाला अहोरात्र...' अहोरात्र म्हणजे?"

"रात्रंदिवस," मी म्हणालो.

"मंग तसं लिवायचं ना. ओ दादा, सुट्टे द्या. 'त्या असत्य वचनाचे पातक...' आब्बा, हे तुमच्याबद्दल हाय."

ट्रकड्रायव्हर बनमस्का खात ऐकत होता. दुसऱ्या पानावर नसीमचा आवाज बदलला. तिसऱ्या पानापर्यंत तिनं गॅस बारीक केला होता. जिथं मी लिहिलं होतं की तो सायकल धरून उभा होता असं मी म्हणालो, तिथं ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. तिनं पानं घडी करून माझ्या हातात दिली आणि भांडी घासायला लागली.

हसनभाई बराच वेळ बन कापत राहिले.

"हे एका ओळीत झालं असतं, मास्तर," ते म्हणाले.

"हो."

"तुमाला वाटतं मी लई मोठं काम केलं. पाणी छातीएवढं होतं. वरनं लाल दिसायचं, जोर दिसायचा, पण खाली खडक होता. रोज मी तिथनं सायकल ढकलत यायचो, पाणी उतरलं की खाली उतरून सायकल धुवायचो. मला तळ ठाऊक होता, तुमाला नव्हता. भ्यालात, त्यात काय. मी तुमच्या जागी असतो तर मी पण भ्यालो असतो. मला पण पोहता येत नाय."

अडतीस वर्षं मी स्वतःला त्या खोल पाण्याच्या काठावर उभं पाहत आलो होतो. ते पाणी खोल नव्हतं.

"पण दुसऱ्या दिवशी बोललात ते लागलं," ते पुढं म्हणाले. "मी म्हणालो असतो मी काढली, तर कोण ऐकणार? मास्तरांचा शब्द. हिराजीनं सांगितलं, बघ्याच्या हातचा पाव नको. बघ्या. पोरं पण ओरडायची, बघ्या आला, बघ्या आला. दोनदा गेलो, पेटी भरलेलीच परत आणली. मंग ती वाट सोडली. लोकांना वाटतं पाव विकायची वाट बदलली तर काय झालं. पण मला त्या गावातली घरं आवडायची."

"हसनभाई, मला माफ करा."

"माफ करणारा मी कोण? तो वर बसलाय, त्याला बघू दे." त्यांनी सुरी पुसली. "ती पोरगी कशी हाय?"

मी सांगितलं. अंगणवाडीत असते, दोन मुलं आहेत, भाकरी चांगली करते. आणि पावाच्या वासाचं सांगितलं, तिनं मला सांगितलं होतं तसंच. ते ऐकताना त्यांचा बनवरचा हात तसाच राहिला.

"मला तिला बघायची हाय," ते म्हणाले. "उद्या कर्जतला बेकरीचा टेंपो जातो. चला."

नसीम पाठमोरीच म्हणाली, "तुमाला बरं नाय आब्बा. ह्यांचं काम ह्यांना करू दे."

"ह्यांच्यानं एकट्यानं व्हायचं नाय. बघ ना, चष्मा पण इसरून आले."

माझ्यासमोर चहाचा दुसरा पेला ठेवला गेला. मी मागितला नव्हता. तो नसीमनंच ठेवला होता, आदळून. माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नाही. देवळाबाहेर मी बायकोच्या चपला सांभाळत उभा राहायचो. पण कृपा असा एक शब्द मी वर्गात मुलांना शिकवला होता आणि तिचा अर्थ सांगताना वरून पडणाऱ्या कशाची तरी उदाहरणं दिली होती. त्या दिवशी मला वाटलं, ती अशीही येत असेल, रागावलेल्या बाईच्या हातून, बशीत थोडी सांडून. मी चहा संपवला.

तिसरा दिवस : पुन्हा पोशीर

रात्र मी हायवेवरच्या एका ढाब्याच्या खाटेवर काढली. सकाळी टेंपोत पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं म्हातारे बसलो. मागून गरम पावाचा वास येत होता आणि हसनभाई मधूनमधून झोपत होते. कर्जतला वडापाव खाल्ला. तिथून नेरळला आलो, लॉजवरून चष्मा घेतला आणि रिक्षानं पोशीरला गेलो.

ओढ्याशी हसनभाईंनी रिक्षा थांबवायला सांगितली. आता तिथं पूल झाला आहे. खाली जुन्या फरशीचा एक तुकडा दिसतो. मार्गशीर्षातलं पाणी स्वच्छ, पोटरीच्या खाली. हसनभाईंनी चपला काढल्या आणि उतरले, म्हणून मीही पँट दुमडून उतरलो. पायाखाली खरंच खडक होता, सपाट, थोडा शेवाळलेला. ते मधोमध उभे राहिले आणि हात छातीशी धरून म्हणाले, "इथवर." मग गुडघे वाकवून दाखवायला गेले आणि माझ्या दंडाला धरून सावरले. आम्ही दोघं तसेच थोडा वेळ उभे होतो. पायावर माशांची पिल्लं टोचत होती.

सुजाता अंगणवाडीतून नुकतीच आली होती. मी या वेळी पानं काढली नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभं राहून सांगितलं.

"सुजाता, तुला मी काढलं नाही. या हसनभाईंनी काढलं. मी काठावर उभा होतो, भ्यालो होतो. त्यांनी तुला माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी गावाला सांगितलं की तेच उभे होते."

तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग आत गेली. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही. ती आली, हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं हसनभाईंना दिला. माझ्यासाठी तिनं काही आणलं नव्हतं.

"तुमी काय काम करायचात, बाबा?" तिनं विचारलं.

"पावाची भट्टी. पहाटे पाव काढायचा, मंग पेटी भरून सायकल."

"म्हणजे अंगाला..."

"वास? असायचाच. आंघोळ करून पण जायचा नाय. माझी बायको म्हणायची, तुमाला जवळ घ्यायचं का चहात बुडवायचं."

सुजाता हसली, आणि हसता हसता खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. हसनभाई घाबरले. "रडू नको गं पोरी, ती मस्करी केली," असं म्हणत राहिले.

मी म्हणालो, "मी तुझ्याकडून दोन गोष्टी काढून घेतल्या बाई. मी तर गेलोच, पण तो वासही आता साधा झाला."

तिनं डोळे पुसले. "काढून काय घेतलंत? आधी नुसता वास होता, माणूस नव्हता. आता माणूस पण हाय." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "गुरुजी, मला उचलून घरापतूर आणलंत, ते तरी खरं का?"

"ते खरं."

"पळत?"

"पळत. माझी एक चप्पल चिखलात राहिली."

"मंग तुमचा फोटो राहील. पण सरकवावा लागल. दुसऱ्याला जागा पायजे." तिनं मोबाईल काढून हसनभाईंचा फोटो काढला. ते कानटोपी सारखी करत होते तेव्हाच काढला.

मग तिचा आवाज करडा झाला. मुलांची हजेरी वहीत मांडतात तशा आवाजात ती बोलली.

"हे मला सांगितलंत. गावाला कोण सांगणार?"

"मी लिहून आणलंय. ग्रामपंचायतीत वाचून दाखवीन, फलकावर लावतो."

"आमच्याकडं लग्नाची पत्रिका छापतात, पण नुसत्या पत्रिकेवर कोण जेवायला येत नाय. घरातल्या माणसानं दारोदार जाऊन तोंडानं सांगावं लागतं, या म्हणून. तोंडानं सांगितलं नाय तर ते सांगणंच नाय. तुमचं ते खोटं पण असंच दारोदार गेलं होतं. आता खरं पण तसंच जाऊ दे. चला, मी येते बरोबर. एकटे गेलात तर चहा पिऊन परत याल."

तिनं मला बरोबर ओळखलं होतं.

आम्ही तिच्या गल्लीपासून सुरुवात केली. पुढे सुजाता, मागे मी, त्यामागे काठी टेकत हसनभाई. पहिल्या दारात एक तरुण सून होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कोण पाववाला? आमी डीमार्टमधनं ब्रेड आणतो." आणि आम्हाला पाणी दिलं. पुढच्या घरात माझी विद्यार्थिनी निघाली, आता आजी झालेली. "जाऊ द्या ना गुरुजी, आता काय त्याचं," असं ती म्हणत होती; सुजातानं तिला गप्प केलं, "त्यांना पुरं बोलू दे." तिसऱ्या घरातला माणूस ऐकून तांबडा झाला. "माझ्या बापानं दारोदार फिरून तुमच्या सत्काराची वर्गणी काढली होती. त्या शालीला. तुमाला बसा म्हणणार नाय मी." मी उभाच राहिलो. पण त्यानं हसनभाईंसाठी खुर्ची आणली.

प्रत्येक दारात माझं सांगून झालं की हसनभाई घराकडे बघून हळू आवाजात काहीतरी बोलायचे. आधी मला कळलं नाही. मग ऐकू आलं. "इथं बटर जायचे. म्हातारीला लागायचे." पुढच्या दाराशी, "इथं खारी, पण फकत बाजाराच्या दिवशी." एका पडक्या गोठ्यापाशी थांबून म्हणाले, "इथं एक कुत्रं होतं, पाव दिल्याशिवाय सोडायचं नाय." अडतीस वर्षांनंतर त्यांना ते गाव तसंच्या तसं पाठ होतं. मला माझ्या वर्गातली निम्मी मुलं आठवत नव्हती. सांगता सांगता माझा आवाज सरळ होत गेला. दहाव्या-अकराव्या दारापर्यंत ते सगळं दोन वाक्यांत यायला लागलं, आणि शेवटी हसनभाई म्हणाले होते तसं एकाच ओळीत.

शेवटचं घर हिराजीतात्यांचं होतं. सुजातानं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तात्या नव्वदीला टेकले आहेत. ते ओट्यावर उन्हात घोंगडीवर बसले होते, एक पाय पसरून. मी पुढे जाऊन सांगितलं.

"मोठ्यानं," तात्या म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"कान गेले माझे. मोठ्यानं बोल."

समोरच्या दारांतून बायका बाहेर आल्या होत्या. पाणी भरणारी दोघं थांबली होती. मी वाकून तात्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जेवढा जोर होता तेवढ्यानं ओरडलो. "सुजाताला हसननं काढलं. मी भ्यालो होतो. मी खोटं बोललो."

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. कुणीतरी हसलं, आणि ते हसणं मला लागलं नाही.

माझ्याकडे तात्यांनी बघितलंच नाही. मान वळवून ते हसनभाईंकडे बघत राहिले.

"ह्यो तोच का, सायकलवाला?" त्यांनी सुजाताला विचारलं.

"व्हय तात्या."

"ह्याला मी बघ्या म्हनलो."

"व्हय."

त्यांनी शेजारची काठी उचलून पलीकडे ठेवली आणि घोंगडीची मोकळी झालेली जागा हातानं थोपटली. हसनभाई बसले. दोघं म्हातारे ओट्यावर शेजारी शेजारी, समोर वालाच्या शेताकडे बघत. बायका दारातून हलेनात. मी खाली अंगणात उभा होतो.

मग तात्यांनी मान न वळवता विचारलं, "उद्यापास्नं येशील का?"

हसनभाईंनी सायकल सोडून वीस वर्षं झाली होती. त्यांनी कानटोपी नीट केली.

"कडक का नरम?"

"दात कुटं हायत आता," तात्या म्हणाले. "नरम आण."